बारावी आर्ट्स ते एम.एस्सी. नर्सिंग: खेड्यातल्या मुलामुलींसाठी एकेक पायरी

बारावीचा निकाल लागला की यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातल्या माझ्या माहेरी ओसरीवर मुली येऊन बसतात. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये कुठल्या तरी 'नर्सिंग कॉलेज'ची जाहिरात, सोबत आई नाहीतर मोठा भाऊ. प्रश्न ठरलेले असतात. आर्ट्सवाल्यांना जमते का? एएनएम (सहायक परिचारिका प्रसाविका) केलं तर पुढे अडकून पडू का? लग्न झाल्यावर शिकता येईल का?

मी स्वतः आर्ट्सची. आधी एएनएम, मग उपकेंद्रावर कंत्राटी नोकरी, मग जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र), खाजगी दवाखाना, नंतर सरकारी अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, आणि नोकरीत असताना पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे जीएनएमनंतरची पदवी. या वाटेवर माझी दोन-अडीच वर्षं नुसती वाया गेली. अभ्यासात मी कमी पडले नाही, कागदात पडले. म्हणून इथे अभ्यासापेक्षा कागदांबद्दल जास्त लिहिते आहे.

१. आधी तीन कोर्समधला फरक समजून घ्या

एएनएम दोन वर्षांचं. बारावी कुठल्याही शाखेची चालते, वय १७ ते ३५, आणि ते मुलींसाठीच आहे. यातून तुम्ही उपकेंद्राची 'सिस्टर' होता, म्हणजे लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, बाळंतपण, गृहभेटी.

जीएनएम तीन वर्षांचं, शेवटच्या सहा महिन्यांची इंटर्नशिप त्यातच धरलेली. बारावीला किमान ४० टक्के आणि इंग्रजी विषयात पास हवं. सायन्सला प्राधान्य असतं, पण आर्ट्स-कॉमर्सला दार बंद नाही. मुलांनाही घेतात.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, आता आठ सेमिस्टरमध्ये. याला मात्र बारावी सायन्सच लागते: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी. खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते किंवा एखाद्या अभिमत विद्यापीठाची. एएनएम आणि जीएनएमच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं.

आता आर्ट्सवाल्यांनी हा हिशेब नीट पाहावा. जीएनएमची तीन वर्षं, मग पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन, एक वर्षाचा अनुभव, मग एम.एस्सी.ची दोन. आठ वर्षांत तुम्ही त्याच एम.एस्सी.ला पोचता जिथे सायन्सची मुलगी सात वर्षांत पोचते. फरक एका वर्षाचा. हे मला बारावीनंतर कोणी सांगितलं असतं तर मी एएनएमच्या आधीच जीएनएमचा अर्ज भरला असता. घरची ओढाताण असेल आणि दोन वर्षांत पगार हवाच असेल तर एएनएम करा, त्यात काही कमीपणा नाही. एएनएम झालेल्यांना पुढे जीएनएमला जाता येतं. पण तीन वर्षं काढता येत असतील तर सरळ जीएनएम करा.

२. कॉलेज खरं आहे का ते तपासा

तालुक्याच्या ठिकाणी दुकानांच्या वरच्या मजल्यावर 'नर्सिंग इन्स्टिट्यूट' असते. सहा महिन्यांचा नाहीतर एक वर्षाचा कोर्स, पांढरा ड्रेस, ओळखपत्र, 'शंभर टक्के नोकरी'. असे बरेचसे कोर्स रुग्ण सहायकाचे असतात. ते काम वाईट नाही, पण त्या प्रमाणपत्रावर परिचर्या परिषदेत, म्हणजे नर्सची अधिकृत नोंदणी करणाऱ्या संस्थेत, नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे कायद्याने तुम्ही नर्स नाही. शेतातला माल विकून भरलेली फी अशा ठिकाणी गेलेली मी दर वर्षी पाहते.

पैसे देण्याआधी चार गोष्टी बघा:

- कॉलेजचं नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत, त्याच वर्षासाठी आहे का?
- कोर्स मंडळाशी किंवा विद्यापीठाशी संलग्न आहे का, आणि किती जागांसाठी?
- विद्यार्थी प्रॅक्टिकलला कुठल्या दवाखान्यात जातात? तिथे जाऊन वॉर्डातल्या सिस्टरला विचारा, "या कॉलेजच्या मुली येतात का?" पाच मिनिटांत खरं कळतं.
- खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरणाने किती ठरवली आहे? त्यापेक्षा जास्त मागितली तर कशाची, ते पावतीवर लिहून मागा.

एजंटच्या हातात मूळ मार्कशीट देऊ नका. कॉलेजने मूळ कागद ठेवून घेतले तर प्रत्येक कागदाचं नाव लिहिलेली पोच घ्या.

३. कागद निकालानंतर नाही, बारावीत असतानाच जमवा

लागणारे कागद हे:

- दहावी-बारावीची मार्कशीट आणि सनद, शाळा सोडल्याचा दाखला
- अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला
- जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर
- तहसीलचा उत्पन्नाचा दाखला
- आधार, आधारला जोडलेलं बँक खातं, मोबाइल नंबर
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, फोटो

यातले बहुतेक दाखले सेतूत किंवा आपले सरकार केंद्रात काही दिवसांत निघतात. वेळ खातं ते जात वैधता. त्यासाठी जुना पुरावा लागतो: अनुसूचित जाती-जमातींना १९५० आधीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ आधीचा, इतर मागासवर्गीयांना १९६७ आधीचा. आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल पंजीची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, जुना सातबारा किंवा खरेदीखत, असं काही शोधावं लागतं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर त्यांच्या चुलत भावाचं पाहा. आदिवासी मुलींची प्रकरणं वेगळ्या समितीकडे जातात, आपल्या जिल्ह्यासाठी ती कुठे आहे ते आधी विचारून घ्या. कॉलेजच्या पत्रासह अर्ज बारावीत असतानाच करा. मार्क असूनही वैधता नाही म्हणून हातातली सीट गेलेल्या मुली दर साली दिसतात.

नावाचं स्पेलिंग आताच जुळवा. वानखडे एका कागदावर आणि वानखेडे दुसऱ्यावर, एवढ्यानेही नंतर फेऱ्या सुरू होतात. आणि कागद लॅमिनेट करू नका, पुढे शिक्का मारायला जागा राहत नाही.

४. अर्ज, सीईटी आणि पैसे

बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा होते. जीएनएम-एएनएमच्या प्रवेशाची पद्धत अलीकडच्या वर्षांत बदलत आली आहे, म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या मैत्रिणीच्या सांगण्यावर राहू नका. त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः डाउनलोड करून शेवटच्या पानापर्यंत वाचा. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा नवा कायदा झाला आहे, त्यामुळे नियम पुढेही हलतील. फॉर्म सायबर कॅफेत भरला तरी पासवर्ड तुमच्या वहीत आणि मोबाइल नंबर तुमचाच हवा. कॅफेवाल्याच्या नंबरवर ओटीपी गेला आणि तो लग्नाला गेला म्हणून प्रवेशाची फेरी चुकलेली मुलगी माझ्या नात्यातली आहे.

पैशांसाठी आधी महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. शिष्यवृत्ती त्यावरूनच मिळते. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षणाच्या आणि ओबीसी वर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्सच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घाईने प्रवेश घेतला तर हीच सवलत हातची जाते. राहण्याच्या खर्चाला अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयम् योजना आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, फॉर्म भरण्याआधी वाचा.

५. शिकत असताना

इंग्रजीची भीती सगळ्यांनाच असते. मी पहिले सहा महिने रोज रात्री दहा शब्द लिहायची, औषधांची नावं आणि वॉर्डात ऐकलेले शब्द. तेवढं पुरलं. प्रॅक्टिकलच्या केसबुकवर सह्या त्याच दिवशी घ्या. बाळंतपणांची संख्या पूर्ण नसली तर परीक्षेला बसताना अडतं, आणि तीन महिन्यांनी कोणतीही सिस्टर जुनी सही देत नाही. द्यायलाही नको.

६. नोंदणी: जास्तीत जास्त वर्षं इथे वाया जातात

परीक्षा पास झालात म्हणजे नर्स झालात असं नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवलं की झालात. अर्ज ऑनलाइन होतो, कागद वर दिलेले, शिवाय प्रत्येक वर्षाच्या मार्कशीट आणि कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. निकाल हातात येताच, पहिल्या आठवड्यात हे करा.

माझं काय झालं ते सांगते. जीएनएमचा निकाल लागला आणि मला लगेच एका खाजगी दवाखान्यात काम मिळालं. मी नुसत्या मार्कशीटवर रुजू झाले. दवाखान्यालाही घाई होती, कोणी नोंदणी विचारली नाही. मुंबईला जायचं, खर्च येईल, बघू दिवाळीनंतर, असं करत सात महिने गेले. दोन वर्षांनी एका भरतीत कागद तपासणीला बसले. समोरच्या बाईंनी माझा अनुभवाचा दाखला आणि नोंदणी प्रमाणपत्र शेजारी-शेजारी ठेवलं, पेन्सिलने दोन्ही तारखांखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, "अनुभव नोंदणीनंतरचा धरतो आम्ही. हे सतरा महिनेच होतात." त्यांना चोवीस हवे होते. मी रात्री-रात्री जागून काढलेले सात महिने कागदावर नव्हतेच. बाहेर बाबा उभे होते, त्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मंग काऊन नाय केलं व तवाच?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून नोंदणीची तारीख आणि रुजू होण्याची तारीख यांचा क्रम चुकवू नका.

आणखी काही गोष्टी याच कामात मोडतात:

- नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी सीएनईचे, म्हणजे सतत शिक्षणाचे तास लागतात. कार्यशाळेचं प्रत्येक प्रमाणपत्र सांभाळा.
- केंद्राची एनआरटीएस नावाची नोंदणी व्यवस्था आहे, त्यातून एनयूआयडी क्रमांक मिळतो. तोही घेऊन ठेवा.
- पुढची पदवी घेतली की ती अतिरिक्त अर्हता म्हणून परिषदेत नोंदवा. नुसती पदवी फाइलमध्ये असून चालत नाही.
- लग्न झालं की आपल्याकडे मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. घाई करू नका. शिक्षण आणि पहिली सरकारी नोकरी होईपर्यंत सगळे कागद माहेरच्या नावाने ठेवले तर सोपं जातं. बदललंच तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली जाहिरात दोन्ही करून घ्या, आणि आधारच्या आधी परिषदेत काय लागतं ते विचारा.

७. पहिली नोकरी आणि अनुभवाचा दाखला

पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी पहिली नोकरी मोठ्या दवाखान्यात धरा. एम्सच्या, म्हणजे केंद्राच्या मोठ्या रुग्णालयांच्या, भरती परीक्षेला जीएनएमवाल्यांकडून किमान ५० खाटांच्या दवाखान्यातला दोन वर्षांचा अनुभव मागतात. १५ खाटांच्या नर्सिंग होममध्ये दहा वर्षं काढली तरी ती तिथे धरली जात नाहीत. शिवाय मोठ्या ठिकाणी आयसीयू, नवजात कक्ष, शस्त्रक्रियागृह सगळं हाताखालून जातं.

दाखल्यावर एवढं असलंच पाहिजे: तुमचं पूर्ण नाव, पद, नोंदणी क्रमांक, रुजू आणि सोडल्याची तारीख, दवाखान्याच्या खाटा, जावक क्रमांक, सही आणि शिक्का. "काम समाधानकारक होते" एवढ्या एका ओळीचा दाखला कामाचा नाही. सोडताना नाही, दर वर्षी दाखला मागा. डॉक्टर बदलतात, दवाखाने बंद होतात, मग कोणाकडे जाणार? पगार रोख देत असतील तर बँकेत मागा, पासबुकची नोंद हाही पुरावा असतो.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी बहिणींनी अकरा-अकरा महिन्यांची प्रत्येक ऑर्डर जपून ठेवावी. दहा वर्षं पूर्ण केलेल्यांच्या नियमित सेवेतल्या समायोजनाचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला आहे, आणि दहा वर्षं त्या ऑर्डरींवरूनच मोजतात. माझ्या पहिल्या दोन ऑर्डरी घराच्या पत्र्यातून पाणी गळून भिजल्या. कागद सुकला, पण शिक्क्याची जांभळी शाई पसरून अधिकाऱ्यांचं नाव वाचता येईना. तेव्हापासून प्रत्येक कागदाचा फोटो मी स्वतःलाच ईमेल करते.

८. सरकारी भरती कुठे-कुठे

जिल्हा परिषदेची आरोग्य सेविका: एएनएमवर, मूळ वेतन २५,५०० पासून. जाहिरातीत पदाचं नाव 'आरोग्य सेवक (महिला)' असं येतं, ते वाचून मुलांची जागा समजून सोडून देऊ नका. त्यात 'विदर्भ परिचर्या परिषद' असा जुना उल्लेखही दिसतो, त्याने गोंधळू नका, तुमची महाराष्ट्र परिषदेची नोंदणी चालते.

राज्याची अधिपरिचारिका: सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग यांच्या भरत्या वेगळ्या निघतात. मूळ वेतन ३५,४०० पासून. नर्सिंगच्या प्रश्नांसोबत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन असतं, आणि आपल्या मुली मागे पडतात त्या याच भागात. नर्सिंग सगळ्यांनाच येतं.

एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसरची भरती परीक्षा: मूळ वेतन ४४,९००. पूर्व आणि मुख्य अशा दोन परीक्षा. वय ३० पर्यंत, राखीव वर्गाला सवलत. ८० टक्के जागा स्त्रियांना. नागपूरचं एम्स मिहानमध्ये आहे, पण परीक्षा देशभरातल्या एम्ससाठी एकच असते. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक असेल तर दोन वर्षांच्या अनुभवाची अट नाही. जीएनएम झालेल्यांनी हा मुद्दा लक्षात घ्या: छोट्या दवाखान्यात दोन वर्षं घालवण्यापेक्षा तीच दोन वर्षं पोस्ट बेसिकला दिली तर एम्सचं दार उघडतं.

समुदाय आरोग्य अधिकारी: आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य केंद्रात, कंत्राटी. बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांना संधी असते. २५ हजार ठरलेले आणि कामानुसार १५ हजारांपर्यंत वर. गावातच राहायचं असेल, सिकलसेलसारख्या आपल्या भागातल्या रक्ताच्या आजारावर काम करायचं असेल, तर मला हे पद फार मोलाचं वाटतं.

९. पुढचं शिक्षण

पोस्ट बेसिक बी.एस्सी. जीएनएम आणि नोंदणीवर होतं. सरकारी नोकरीत असाल तर सेवांतर्गत, म्हणजे नोकरी न सोडता, जायची सोय असते. अर्ज वेळेत द्या, ना हरकत पत्राच्या फाइलमागे स्वतः फिरा. कंत्राटी असाल तर बहुधा नोकरी सोडावी लागते. हा निर्णय कठीण आहे, घरी बसून हिशेब मांडा.

पदवी नको, पण हातात खास कौशल्य हवं असेल तर एक वर्षाच्या पोस्ट बेसिक पदविका आहेत: अतिदक्षता, नवजात शिशू, कर्करोग, शस्त्रक्रियागृह. ज्यांना बाळंतपणाच्या कामाची मनापासून आवड आहे त्यांच्यासाठी १८ महिन्यांचं नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी आहे.

एम.एस्सी.ला पदवीत ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. बी.एस्सी.वाल्यांचा अनुभव पदवीनंतरचा हवा, पोस्ट बेसिकवाल्यांचा आधीचाही चालतो. शाखा पाच: मेडिकल-सर्जिकल, सामुदायिक आरोग्य, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य. पुढे शिकवायचं असेल तर ही पदवी हवीच. मानसिक आरोग्याकडे कमी मुली जातात. ज्या यवतमाळ जिल्ह्याने इतक्या शेतकरी आत्महत्या पाहिल्या, तिथल्या मुलींनी या शाखेचा विचार जरूर करावा असं मला वाटतं.

परदेशाबद्दल थोडक्यात. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून एजंट गावोगाव फिरतात. जर्मनीत नर्स म्हणून मान्यतेसाठी साधारण बी-२ पातळीची (सहा पातळ्यांतली चौथी) जर्मन यावी लागते. भाषा न शिकता पाठवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, आणि एजंटचं नाव ई-मायग्रेट या परदेशी नोकरीच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेलं आहे का ते पाहा.

१०. नोकरी लागल्यावर

आरोग्य सेविकेची पुढची पायरी आरोग्य सहायिका. दवाखान्यात अधिपरिचारिका, मग परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज सिस्टर), सहायक अधिसेविका, अधिसेविका (मेट्रन). बढती सेवाज्येष्ठता यादीवरून होते. ती १ जानेवारीच्या स्थितीवर निघते, आणि बऱ्याच जणी ती उघडून पाहतही नाहीत. आधी कच्ची यादी येते. त्यात आपली रुजू तारीख, जात प्रवर्ग आणि शिक्षण बघा. पोस्ट बेसिक केलं असेल तर सेवापुस्तकात त्याची नोंद झाली आहे का ते बाबूंना पान उघडायला लावून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. चूक दिसली तर मुदतीत लेखी हरकत द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.